तुमच्या नावाने आलेला डबा

अण्णा, तुमच्या नावाने एक डबा आलाय.

पत्र्याचा आहे, गोल, झाकणावर घोडागाडीचं चित्र. हलवला की आत खडखड वाजतं. तीन दिवस झाले, हॅनोव्हरमधल्या माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी तो बसून आहे आणि मी त्याच्याकडे न बघता पोळ्या लाटते आहे. ज्या बाईंनी तो दिला त्या इटलीच्या, साठीला टेकलेल्या. मी त्यांना इंग्रजी शिकवते. डबा माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या, “फॉर पापा. फ्रॉम मी.” मी म्हटलं, “आय विल सेंड.” त्यांनी जोरात मान हलवली. “नो सेंड. टेबल.” अजून शब्द कमी पडतात त्यांना, म्हणून मी फार विचार केला नाही आणि डबा टेबलावर ठेवला. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली हे मी त्यांना सांगितलेलं नाही. गेले सहा महिने त्या रोज तुमची खुशाली विचारतात आणि मी रोज ‘ओके’ म्हणते. उद्या सकाळी त्या हिवाळ्यासाठी गावी निघणार. त्याआधी जाऊन खरं काय ते सांगून टाकायचं, असं मी ठरवलंय. जमेल की नाही हे बघायला आधी तुम्हालाच लिहून पाहते आहे.

हॅनोव्हर तुम्ही नकाशात एका बोटात दाखवलं असतंत. तुमच्या भूगोलाच्या तासांवर मी पुढे येणारच आहे. तुमचे जावई इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहेत. आम्ही आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती, आता दहाची आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमची भांडणंही अशीच दोन भाषांत होतात. पुण्यात मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घ्यायचे ते तुम्हाला माहीत आहे. इथली पहिली वर्षं मीच विद्यार्थिनी होते, जर्मनची, आणि फारशी हुशारही नव्हते.

आमच्या ट्रामच्या थांब्यापाशी इटालियन लोकांचं एक आइसकॅफे आहे. म्हणजे आपल्याकडचं आइस्क्रीम पार्लर म्हणा, चार टेबलं आत, उन्हाळ्यात दहा बाहेर. अशी दुकानं इथे गावोगावी आहेत आणि त्यांची एक रीत आहे. नोव्हेंबर लागला की दुकान बंद करून सगळं कुटुंब इटलीतल्या आपल्या डोंगरातल्या गावी जातं आणि थंडी सरता सरता परत येतं. यंदा फेब्रुवारीत परत आल्यावर मालकांनी मला बोलावून घेतलं. एप्रिलमध्ये इथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरतं, सगळे त्याला नुसतं मेसे म्हणतात. जगभरचे पाहुणे येतात, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. “तुम्हा इंडियन लोकांचं इंग्रजी चांगलं असतं,” मालक जर्मनमध्ये म्हणाले. “माझ्या भाचीला आणि मेहुणीला शिकवा. सकाळी, दुकान उघडायच्या आधी.”

भाची पंचविशीची, चुणचुणीत, जर्मन फाडफाड बोलणारी. मेहुणी म्हणजे या बाई. भाची त्यांना ‘त्सीया’ म्हणते, म्हणजे मावशी, म्हणून मीही मनात मावशीच म्हणायला लागले. नवरा गेल्यावर त्या बहिणीकडे आल्या आणि आठ वर्षं मागच्या खोलीत उभ्या राहून काचेचे पेले धूत होत्या. भाचीने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं. मेसे आटोपली की पेले धुवायचं मोठं मशीन येणार आहे. मग मागच्या खोलीत माणसाला काम उरत नाही. त्सीया काउंटरवर उभी राहू शकली तर राहील, नाहीतर तिला गावी परत जावं लागेल, आणि गावात तिचं म्हणून एक बंद घर आहे, बाकी कोणी नाही. जर्मन गिऱ्हाइकांची अडचण नव्हती. ती आइस्क्रीमची नावं इटालियनमध्येच घेतात आणि वर बोट दाखवतात. अडत होतं ते पाहुण्यांच्या इंग्रजीपाशी. हातात दोन महिने होते.

आता माझी पद्धत ऐका. पुण्यात मी कॉल सेंटरला जाणारी मुलं तयार करायचे. टेबलावर एक घंटी असायची, हॉटेलच्या काउंटरवर असते तसली, वरून टपली मारायची. कोणी मराठी शब्द बोललं की टिंग. मुलं हसायची, मीही हसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर्गातली मराठी बंद व्हायची आणि मला माझं भारी कौतुक वाटायचं. आइसकॅफेच्या काउंटरवर नेमकी तसलीच घंटी होती, ऑर्डर तयार झाली की वाजवायची. मी ती उचलून आमच्या टेबलावर ठेवली. ‘नो इटालियन,’ म्हटलं. वस्तू दाखवायची, चित्र दाखवायचं, बोलायचं ते इंग्रजीतच. धिस इज अ कप. धिस इज अ स्पून. भाचीला गंमत वाटली. मावशी पहिल्या दिवशी तीनदा टिंग झाल्यावर गप्प झाल्या. हात मांडीवर आणि नजर घंटीवर. काही विचारलं की नुसती मान हलवायच्या. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की टेबलाखाली त्यांच्या हातात ऑर्डर लिहायची एक चिठ्ठी आहे आणि बुटक्या पेन्सिलीने त्या भराभर काहीतरी लिहिताहेत. मी टिंग केलं आणि हात पुढे केला. साठीच्या बाईंनी शाळकरी मुलीसारखी चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती पर्समध्ये टाकून मी पुढचं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मागच्या खोलीतून नळाचा आवाज येत होता. भाची म्हणाली, “ती म्हणते, पेले राहिलेत.” तिसऱ्या दिवशीही पेले राहिले होते.

चिठ्ठी मी त्या संध्याकाळी घरी पाहिली. इंग्रजी शब्द कानावर जसा पडला तसा त्यांच्या अक्षरांत लिहिलेला, आणि त्यापुढे त्यांच्या भाषेतला शब्द. मधोमध वरपासून खालपर्यंत हाताने ओढलेली एक वाकडी रेघ. मी वरणभात वाढून घेतला होता तो तसाच गार झाला.

तुमचा वर्ग मला अजून स्वच्छ दिसतो. सोलापूरची म्युनिसिपालिटीची शाळा, खिडकीतून येणारी यंत्रमागांची खटखट, पाचवीचा वर्ग, आणि मी तिसऱ्या बाकावर, सरांची मुलगी म्हणून जरा ताठ बसलेली. तुम्ही सगळ्यांना वहीच्या पानावर पट्टीने दोन उभ्या रेघा मारायला लावता. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्यात तो म्हणायचा कसा, ते आपल्या अक्षरांत. तिसऱ्या रकान्यावर मथळा असतो, ‘घरी काय म्हणतात’. ‘मराठी अर्थ’ असं तुम्ही लिहीत नाही, कारण वर्गातली निम्मी पोरं विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी, पाच-सहा कानडी, दोघी-तिघी दखनी बोलणाऱ्या. तुम्ही फळ्यावर ‘वॉटर’ लिहिता आणि खडू खाली ठेवून विचारता, “तुझ्या घरी काय म्हणतात रे?” कोणी म्हणतं नीळ्ळु, कोणी नीरु, कोणी पानी. तुम्हाला नीळ्ळु नीट म्हणता येत नाही. ते पोरगं उभं राहून तुम्हाला तीनदा म्हणून दाखवतं, वर्ग हसतो, तुम्हीही हसता, आणि शाळा सुरू झाल्यापासून तोंड न उघडलेलं ते पोरगं त्यानंतर तास संपेपर्यंत बोलत राहतं. एका वॉटरवर तुमचा अर्धा तास जातो. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. मला दिसत होतं ते एवढंच की शेजारची तुकडी चौथ्या धड्यावर गेली आणि आपला अजून दुसराच चालू आहे.

आठवीला तुम्ही मला इंग्रजी माध्यमात घातलंत, ते माझ्याच हट्टाने. तिथे माझ्या वहीतले रकाने पाहून बाकावरची मुलगी खिदळली आणि तिने वही मागच्या बाकावर दाखवायला दिली. त्या दिवसापासून मी वही दप्तराबाहेर काढणं बंद केलं, आणि तोंड उघडणंही. मग पालकांची सभा झाली. बाईंनी तुम्हाला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि तुम्ही हात जोडून शांतपणे मराठीत उत्तर दिलंत. इंग्रजीचे शिक्षक, आणि मराठीत. परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता, माझं दप्तर कॅरियरला लावलेलं. तळ्याच्या कडेला मी म्हटलं, “तुम्हाला इंग्रजी येतच नाही. शिकवता येत नाही म्हणून पोरांचं तेलुगू लिहून घेण्यात तास घालवता. तुमच्यामुळे मला तोंड उघडायची लाज वाटते.” तेरा वर्षांची होते, पण शब्द न् शब्द माझा होता, कोणी शिकवलेला नव्हता. तुम्ही म्हणालात, “खाली बघून चाल, रस्ता खोदलाय.”

त्या जूनमध्ये तुम्ही हेडमास्तरांना सांगून इंग्रजीचे तास सोडलेत. भूगोल मागून घेतलात आणि निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं भूगोलच शिकवलात. आईने मला ते मेथी निवडता निवडता सांगितलं, “ह्यांनी स्वतःहून सोडलं गं. खडूचा त्रास होतो म्हणाले.” खडू भूगोलालाही लागतो, हे मला तेव्हाही कळत होतं. मी विचारलं नाही, तुम्ही बोलला नाहीत. मला क्लासात नोकरी लागली तेव्हा तुम्ही पुण्याला आलात आणि पिशवीतून शंभर पानी वही काढून दिलीत. प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा, तुम्ही स्वतः मारलेल्या. एकही शब्द लिहिलेला नव्हता. “छान आहे,” म्हणून मी ती ठेवून दिली आणि पुढे तिच्यात लोणच्यांच्या कृती उतरवल्या. कुठल्यातरी घरबदलात ती गेली. या एका गोष्टीसाठी मी स्वतःवर अजून चिडते. बाकीच्यासाठी नुसतं चिडून भागत नाही.

तर चिठ्ठी पाहिली त्या संध्याकाळी मी लेकीकडे एक कोरी वही मागितली. इथल्या वह्यांवर बारीक चौकटी असतात, उभ्या रेघा मारायला सोप्या. ती शेजारी उभी राहून बघत होती. “वारूम द्राय?” तिने विचारलं. तीन कशाला? मी म्हटलं, “तुझे आजोबा असेच करायचे.” “जा, आबर वारूम?” हो, पण का? मी पट्टी सरकवून पुढची रेघ ओढली. तुमच्याबद्दल तिला मी आजवर काय सांगितलंय याचा विचार केला तर जवळजवळ काहीच नाही. तिच्यासाठी तुम्ही फोटोतले आजोबा, बस.

सकाळी मी थेट दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. चिठ्ठी परत दिली, सॉरी म्हटलं. मावशींनी ओल्या हातांनी ती घेतली, खिशात ठेवली आणि पुन्हा नळाकडे वळल्या. मग मी निथळत ठेवलेला एक चमचा उचलला आणि तुमचा प्रश्न विचारला, त्यांना कळेल इतक्या साध्या इंग्रजीत. “इन युअर हाउस, व्हॉट?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. टिंग होतंय का याचा अंदाज घेत असाव्यात. घंटी मी काउंटरवर परत ठेवून आले होते. मग हळूच म्हणाल्या, “कुक्यायो.” मी म्हणून पाहिलं, जमलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा घोळ घातला. चौथ्या खेपेला त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, स्टूल ओढून बसल्या आणि माझ्या ओठांसमोर बोट नाचवत मला शिकवायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी मला सात शब्द शिकवले आणि मी त्यांना सात. मी माझ्यासाठी देवनागरीत लिहून घेत होते, ती वरून रेघ ओढलेली अक्षरं त्यांनी वाकून पाहिली आणि त्यांना जाणून घ्यायचंच होतं की मी माझ्या घरी चमच्याला काय म्हणते. असा आमच्या वहीला चौथा रकाना आला. तुम्ही तीनच ठेवले होते. ही सुधारणा मावशींची आहे, तुम्हाला आवडली असती.

व्याकरण आम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडी घालून शिकलो. कप ऑर कोन? विथ क्रीम? हिअर ऑर टेक अवे? त्या नुसतं ‘इज फिनिश्ड’ म्हणायच्या, आधीचा ‘इट’ गिळून टाकायच्या. काय संपलं ते त्यांच्या भाषेत वेगळं सांगावं लागत नाही म्हणे. आपण तरी कुठे सांगतो, संपलं म्हटलं की संपलं. वय विचारलं तर ‘आय हॅव फिफ्टी-नाइन इयर्स’. त्यांच्याकडे माणसाला वय असतं, घरदार असतं तसं. पूर्वी असल्या प्रत्येक चुकीला मी घंटी बडवली असती. आता आधी विचारायचे, तुमच्या घरी कसं म्हणता, आणि मग शेजारी इंग्रजी वाक्य ठेवायचे. दोन्हीकडे बघून त्यांचं त्यांनाच हसू यायचं. मला वाटायचं, एवढं साधं करायला मला बारा गावचं पाणी प्यावं लागलं.

एप्रिलमध्ये मेसे सुरू झाली. गळ्यात पास अडकवलेली माणसं ट्राममधून उतरून रांग लावायला लागली. मालकांनी मावशींना काउंटरवर उभं केलं आणि स्वतः मागे हाताची घडी घालून थांबले. मी कोपऱ्यात कॉफी घेऊन बसले होते. पहिली दोन गिऱ्हाइकं निभावली. तिसरा एक उंच गृहस्थ भराभर काहीतरी बोलला आणि मावशींचा चेहरा पांढरा पडला. मी अर्धी उठले. तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, “स्लो, प्लीज. आय लर्न.” तो थांबला, हसला आणि सावकाश बोलला. मालकांनी हाताची घडी सोडली.

दुपारी दोघे मराठी आले. कोल्हापूरकडचे फाउंड्रीवाले, प्रदर्शन बघायला आलेले. कप हातात घेऊन थोरले धाकट्याला म्हणाले, “अरं, चमचा द्यायचा ऱ्हायला की. चमच्याला काय म्हणायचं हिला?” मावशींनी काउंटरवरून चमचा पुढे केला. “चमचा,” म्हणाल्या. दोघेही जागीच उभे. “मावशी, मराठी येतंय व्हय तुम्हाला?” मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. थोरले माझ्या टेबलापाशी आले, वही उलटीसुलटी करून पाहिली, रकान्यांवरून बोट फिरवलं. “भारी पद्धत आहे की ही. कुठं शिकला ताई तुम्ही?” आणि मी म्हटलं, “पुण्याला. कोर्स केलाय मी.”

चुकून तोंडातून गेलं असं म्हणण्यात अर्थ नाही. विचार करायला वेळ होता, कॉफीचा कप मी सावकाश खाली ठेवला होता. तळ्याच्या कडेला जे केलं होतं तेच चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा केलं, आणि घरी येताना ट्राममध्ये मला माझी किळस आली.

मेमध्ये पेले धुवायचं मशीन आलं. मावशी काउंटरवरच राहिल्या. मशीन बसवून माणसं गेली त्या सकाळी त्या वही घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि रकान्यांवर हात ठेवून म्हणाल्या, “धिस. हू टीच यू?” कोल्हापूरवाल्यांना दिलेलं उत्तर तयार होतं, पण या बाईंना ते देता येईना. “माय फादर,” मी म्हटलं. “टीचर.” उठून नळाशी गेले आणि धुतलेलाच एक पेला पुन्हा धूत बसले. त्या मागून आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ब्राव्हो, पापा.” दुसऱ्या दिवशी मी आत पाऊल टाकते तोच त्यांनी विचारलं, “पापा ओके?” आता काय सांगणार? “ओके,” म्हटलं. त्यानंतर रोज. गर्दी असो, मालक ओरडत असोत, “पापा ओके?” “ओके.”

खरं सांगू का, मला ते आवडायला लागलं होतं. तुमच्याबद्दल मला कोणी काही विचारत नाही. भाऊ वर्षातून एकदा श्राद्धाच्या पानाचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवतो आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवते, झालं. जावई चांगले आहेत, पण त्यांचा-तुमचा सहवास तो केवढा. त्या दुकानात मात्र रोज सकाळी नऊ वाजता कोणीतरी तुमची चौकशी करायचं आणि तुम्ही बरे असायचा. डबा घेऊन घरी आले त्या दिवशी जावई म्हणाले, “अगं आल्झो, म्हणजे, सरळ सांगून टाक ना. बिग डील काय आहे त्यात?” पण एकदा सांगितलं, की मावशी विचारणार, कधी गेले, आजारी होते का, शेवटचं बोलणं काय झालं. शेवटचं बोलणं पाण्याच्या टाकीबद्दल झालं होतं. जे बोलायचं होतं ते राहिलं, हे मी कुठल्या भाषेत सांगू?

इथवर लिहिलं आणि दारावरची बेल वाजली. भाची आली होती, दुकानातल्या दोन कुंड्या घेऊन. हिवाळाभर मी त्यांना पाणी घालायचं ठरलंय. कुंड्या खिडकीत ठेवताना तिची नजर टेबलावर गेली. “अजून उघडला नाहीत?” तिने जर्मनमध्ये विचारलं. म्हटलं, हिच्यापासूनच सुरुवात करावी. सांगितलं की मला त्सीयाशी थोडं बोलायचंय, डबा माझ्या वडिलांसाठी आहे, पण माझे वडील...

“वारलेत,” ती म्हणाली. “गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर दिला.”

माझा चेहरा बघून तिने डबा स्वतःच उघडला. आत बदामाची बिस्किटं, बोराएवढी, पांढरी, गुलाबी आणि तपकिरी. त्यांच्या भागात नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांचा दिवस असतो, तेव्हा ही करतात. गेलेली माणसं त्या दिवसांत घरी येऊन जातात म्हणे. त्यांच्या नावाने टेबलावर ठेवायची आणि घरच्यांनी खायची. त्सीया दरवर्षी नवऱ्यासाठी एक डबा करते, यंदा तिने दोन केले.

“पण त्यांना सांगितलं कोणी?” मी विचारलं.

“कोणीच नाही. ती म्हणते, तुम्ही त्या दिवशी धुतलेला पेला धूत होतात.”

“मग रोज विचारतात कशा, पापा ओके म्हणून?”

“हो, मग?” भाचीला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “नवऱ्याबद्दलही ती तसंच बोलते. काल बरा होता, आज रुसलाय. तुमच्याकडे नाही का असं बोलत?”

आपल्याकडे पितृपंधरवडा असतो, पान वाढतात, कावळा शिवेपर्यंत ताटकळत बसतात, हे मी तिला सांगायला हवं होतं. ती गेल्यावर मी उघड्या डब्यासमोर बसून रडले, ते लपवत नाही. सहा महिने ज्याला मी माझं खोटं समजत होते ते खोटं नव्हतंच. मी माझ्या मेलेल्या वडिलांची खुशाली सांगत होते आणि ऐकणारीला सगळं ठाऊक होतं. म्हणजे उद्या सकाळी मावशींना सांगायचं असं काही राहिलं नाही. राहिलंय ते तुम्हाला सांगायचं.

शिकवता येत नाही म्हणून तुम्ही ते करत नव्हता. मी तळ्याच्या कडेला जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. ते पोरगं नीळ्ळु म्हणायला कसं उभं राहिलं होतं ते मी तिसऱ्या बाकावरून पाहिलं होतं. तुमचे नऊ वर्षांचे इंग्रजीचे तास माझ्यामुळे गेले. त्या नऊ वर्षांत आणखी किती पोरं उभी राहिली असती, हे मला कधी कळणार नाही. चुकलं माझं, अण्णा.

लेक चारला शाळेतून येईल. तिला तीन रकाने कशाला ते सांगायचंय, आणि त्यासाठी तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, डब्याखाली राहील. उद्या ट्रामच्या थांब्यावर बॅगा घेऊन उभ्या असतानाही मावशी विचारतील, पापा ओके? या वेळी मी लगेच ओके म्हणणार नाही. म्हणेन, माहीत नाही, कालच विचारलंय.

आणि एक. तुमच्यासाठी म्हणून बशीत एक पांढरं बिस्किट काढून ठेवलं होतं, ते लिहिता लिहिता मीच खाल्लं. फार कडक होतं, तुमच्या दातांना झेपलं नसतं.